शेवटच्या ताईच्या पायांनी

(नालवाडी येथे महासंघाच्या मासिक सभेत झालेलं भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं.)



मागच्या सभेत विषय निघाला की यंदा महासंघातर्फे तायांची एक तुकडी कळसूबाईच्या शिखरावर न्यायची. विषय निघाला तशी अर्धी सभा हसली आणि अर्धी गप्प झाली. कोणी म्हणालं, "मले तर गच्चीवर चढताना धाप लागते." कोणी म्हणालं, "घरी सांगू काय, डोंगर पाहाले चालली म्हणून?" आणि एक ताई स्पष्टच बोलल्या, की गटाचा पैसा फिरण्यात घालवायचा नाही. हे तिन्ही प्रश्न खरे आहेत. मी दोन वेळा गटासोबत कळसूबाईला जाऊन आले आहे, म्हणून उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे आलं.

आधी डोंगर समजून घ्या. कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. ते अकोले तालुक्यात आहे, आणि हे अकोले म्हणजे आपलं वऱ्हाडातलं अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. पायथ्याला बारी नावाचं गाव आहे. आपण राहतो ती वर्ध्याची जमीन समुद्रापासून जेमतेम अडीचशे मीटर उंच. बारीतून शिखरापर्यंत सुमारे आठशे मीटर चढावं लागतं. नवख्या गटाला वर जायला चार तास, खाली यायला तीन तास धरायचे. मधे उभे कातळ आहेत, तिथं लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. वर कळसूबाईचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात तिथं जत्रा भरते, तेव्हा आसपासच्या गावच्या म्हाताऱ्या बाया लुगडं नेसून, काही तर अनवाणी, वर जातात.

ही कळसू कोण होती? तिकडे गोष्ट सांगतात, सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. कळसू नावाची कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली की केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकीचं काम करीन. एक दिवस घरच्यांनी अट मोडून तिला तेच काम लावलं. तिनं ते केलं आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली, परत आली नाही. लोकांनी तिचं देऊळ बांधलं. मजुरीचा बोललेला शब्द पाळला गेला नाही म्हणून निघून गेलेली बाई आज राज्यातल्या सर्वांत उंच जागी बसली आहे. आपल्यापैकी किती जणी वेचणीचा दर आधी ठरवून मग शेतात पाय ठेवतात, हे तुमचं तुम्हाला माहीत.

आता "माझ्याच्यानं होत नाही" या बोलण्याकडे येऊ. डोंगरावर बाई एकटी चढत नाही, गट चढतो. गट कसा चालतो ते नीट ऐका, कारण सगळं त्यावर आहे.

सर्वांत पुढे बारी गावचा वाटाड्या. त्याच्या पुढे कोणी जायचं नाही, कितीही जोर असला तरी. सर्वांत मागे आपली एक अनुभवी ताई, तिच्या मागे कोणी राहायचं नाही. म्हणजे गटाला दोन टोकं झाली आणि सगळ्या त्यांच्या मधे. आता विचारते, जी ताई सर्वांत हळू चालते तिला कुठे ठेवायचं? बहुतेक जणी म्हणतील मागे. तसं केलं की काय होतं? पुढच्या चालत राहतात, थांबून आराम करतात, आणि मागची पोचली की लगेच उठून निघतात. ज्यांना आरामाची गरज नव्हती त्यांना आराम मिळाला, जिला हवा होता तिला मिळालाच नाही. दोन तासांत ती रडकुंडीला येते आणि म्हणते, जा तुम्ही, मी इथंच बसते. म्हणून हळू चालणारी ताई वाटाड्याच्या लगेच मागे. तिची चाल तीच सगळ्या गटाची चाल. पायात जोर असलेल्यांनी तो सामान उचलायला वापरावा.

हे तुम्हाला नवीन नाही. आपल्या गटात एखादीचा हप्ता थकला तर आपण तिला टाकून पुढे जातो का? बैठकीत विषय घेतो, कारण विचारतो, वाट काढतो. डोंगरावर तेच करायचं आहे, फक्त पायांनी.

प्रत्येक थांब्यावर हजेरी. प्रत्येकीला क्रमांक दिलेला असेल, तो तिनं मोठ्यानं सांगायचा. शिडीजवळ घाई नाही. एक बाई पूर्ण वर पोचली की मगच दुसरीनं पाय ठेवायचा. दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात, असे तीन नेहमी शिडीला धरलेले पाहिजेत. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. शिडीवर फोटो नाही, फोन पिशवीत.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा नियम. निघायच्या आधी परत फिरायची वेळ ठरवायची. समजा सकाळी ११ ठरली. ११ वाजले आणि शिखर समोर दिसत असलं, तरी वाटाड्यानं फिरा म्हटलं की फिरायचं. ऊन, थकलेले पाय आणि अंधार उतरतानाच भेटतात. वर जाताना पाय घसरण्यापेक्षा खाली येताना जास्त घसरतात.

मी गेले होते तेव्हा एक ताई शिडीच्या मधोमध थांबल्या. हात सुटेना, पाय उचलेना. त्यांना कोणी हसलं नाही, "चला चला" म्हणून ओढलंही नाही. वाटाड्या खालून एक-एक पायरी सांगत गेला आणि त्यांना सावकाश खाली घेतलं. त्यांच्यासोबत दुसरी एक ताई स्वतःहून थांबली. तिचे पाय चांगले होते, ती नक्की वर पोचली असती. दोघी झाडाखाली बसून राहिल्या, आम्ही वर जाऊन आलो, मग सगळ्या मिळून उतरलो. गावी आल्यावर लोकांनी विचारलं, किती जणी वर गेल्या? आम्ही सांगितलं, सगळ्या घरी आल्या.

मोठ्या डोंगरावरही हीच रीत आहे. २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची मुलं 'मिशन शौर्य'मध्ये एव्हरेस्टला गेली. भोनगीर, दार्जिलिंग, लेह अशी टप्प्याटप्प्यानं त्यांची तयारी झाली होती. दहा जणांपैकी पाच शिखरावर पोचले, त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. त्या पाचांचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. बाकीच्या पाचांचे आईबापही आपापल्या दारात वाट पाहत होते, आणि त्यांचीही लेकरं घरी आली, हे आपण आयांनी विसरू नये.

आता तयारी. कोणी म्हणेल, आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कसला सराव? निंदण-वेचणीनं कंबर कसली जाते. चढाला मांड्या आणि दम लागतो, उताराला गुडघे लागतात. ती वेगळी ताकद आहे आणि ती हळूहळू येते.

याचा दाखला आपल्याच गावात आहे. विनोबाजी १९३८ पर्यंत नालवाडीत राहत होते. त्या वर्षी तब्येत इतकी ढासळली की वजन चाळीस किलोवर आलं. मग ते पवनारला गेले आणि तिथं रोज जमीन खणू लागले. पहिल्या दिवशी अगदी थोडी मिनिटं, मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. काही महिन्यांत अंग भरलं. आणि तेच विनोबा १९५१ मध्ये, वयाच्या पंचावन्नव्या वर्षी, पायी निघाले, ते भूदानासाठी तेरा वर्षं देशभर चालत राहिले. तेव्हा "आता वय झालं" असं नालवाडीच्या बाईनं तरी म्हणू नये.

आपला हिशोब असा ठेवू. दिवाळीनंतर रोज वीस मिनिटं चालायचं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर चाल जास्त झाली. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा वर्ध्याची हनुमान टेकडी. शेवटी एक दिवस गिरडची टेकडी, पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन. नवीन बूट घेतले असतील तर याच काळात पायाला बसवायचे. डोंगरावर पहिल्यांदा घातलेला बूट फोडच आणतो.

पण चालायला सुरुवात करायच्या आधी प्रत्येकीनं उपकेंद्रात जाऊन रक्त तपासायचं आणि बीपी पाहायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला. जिला गच्चीवर चढताना धाप लागते, तिचं कदाचित वय झालेलं नसतं, रक्त कमी असतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टर गोळ्या सांगतील, त्या सोडायच्या नाहीत. बीपी, साखर, दमा, छातीचं दुखणं असेल तर डॉक्टर हो म्हणतील तरच नाव द्यायचं. मला विचाराल तर, एकही ताई कळसूबाईला गेली नाही पण सगळ्यांचं रक्त तपासून झालं, तरी महासंघाचा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.

कपड्यांचं विचारलंत. साडीच्या निऱ्या शिडीत अडकतात, म्हणून सलवार-कुर्ता बरा. नऊवारीचा घट्ट काष्टा असेल तर तोही चालतो. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या आयमारा बाया गिर्यारोहकांचा स्वयंपाक करायच्या, त्यांची ओझी वाहायच्या. वर काय आहे ते आपणही पाहू, म्हणून २०१५ मध्ये आपले घेरदार घागरे घालूनच त्यांनी सहा हजार मीटरचं शिखर चढलं. २०१९ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी अकोंकागुआवर पोचल्या, ते त्या अख्ख्या खंडातलं सर्वांत उंच शिखर. तेव्हा कपडा आडवा येत नाही. फक्त पायात येणार नाही असा बांधायचा.

पाळी आली तर? तब्येत ठीक असेल तर चालायला काही हरकत नाही. देवळात जायचं की बाहेरून हात जोडायचे, ते जिचं तिनं ठरवावं, दुसरीनं बोलू नये. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून खाली आणायचं. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, वर काहीच टाकायचं नाही.

सोबत दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, गूळ-फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, पोळी आणि ठेचा. जेवण बारी गावातल्या घरी सांगायचं, वाटाड्याही गावातलाच घ्यायचा, आणि दर आधी ठरवायचा. आपला पैसा आपल्यासारख्याच घरात जाऊ द्या. त्याच अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे, पद्मश्री राहीबाई पोपेरे यांचं. गावरान बियाणं जपणारी ही ताई बचत गटांचंही काम करते.

जायचं कधी? सोयाबीन-कापसात कोणाला उसंत नसते, मजुरीचे दिवस बुडवून जायचं नाही. वेचणी सरली, तूर निघाली, रथसप्तमीचं हळदीकुंकू आटोपलं की फेब्रुवारीच्या सुरुवातीला. वर्ध्याहून रात्रीच्या गाडीनं इगतपुरी, तिथून घोटीमार्गे बारी. एक दिवस तिथं आराम, दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई, रात्री परतीची गाडी.

पैशाबद्दल त्या ताई बरोबर बोलल्या. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी आतापासून महिन्याला वेगळे पैसे बाजूला टाकायचे, त्याची वेगळी वही, वेगळी पावती. मधेच कोणी नाव मागे घेतलं तर तिकिटाचं सोडून बाकी पैसे परत.

आणि घरचं. तीन दिवस म्हशीचं कोण काढील, सासूबाईंच्या गोळ्या कोण देईल? हा प्रश्न एकटीनं घरात मांडला की उत्तर "नाही" येतं. म्हणून माझी सूचना अशी, की ज्या ताया जाणार नाहीत त्यांनी जाणाऱ्यांची घरं वाटून घ्यावी. एकीनं दूध, एकीनं डबा. पुढच्या वर्षी पाळी बदलेल. तुम्ही घरी सांगताना सोबत ग्रामसंघाच्या अध्यक्षा येतील, आणि नवऱ्याला-सासूला सगळा कार्यक्रम कागदावर दाखवतील: गाडी कोणती, मुक्काम कुठे, सोबत कोण, फोन कोणाला करायचा.

पुढच्या सभेला येताना तीन गोष्टी आणा. जिला जायचं आहे तिनं रक्ताचा रिपोर्ट. जिला जायचं नाही तिनं, कोणाचं घर तीन दिवस सांभाळणार ते नाव. आणि सगळ्यांनी मिळून त्या एका नियमावर मत: वाटाड्यानं फिरा म्हटलं की फिरायचं, आणि फिरलेल्या ताईला गावात कोणी टोमणा मारायचा नाही. हा ठराव आधी कार्यवृत्त वहीत लिहू, सह्या-अंगठे घेऊ. तिकिटं त्यानंतर काढू.