मान्यता नसलेल्या देशाची परराष्ट्रमंत्री

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परराष्ट्रमंत्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल गालिचा येतो, दोन देशांचे झेंडे येतात, करारावर सह्या करणारे हात येतात. पण ज्या देशाला जगातल्या एकाही देशाची मान्यता नाही, त्याच्या परराष्ट्रमंत्र्यानं करायचं तरी काय? हे काम २००३ ते २००६ या काळात एका बाईंनी केलं. त्यांचं नाव एडना आदान इस्माईल आणि त्यांचा देश सोमालीलँड.

आधी देशाविषयी थोडंसं. एडनच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा प्रदेश ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. १८९८ पर्यंत त्याचा कारभार एडनमार्फत हिंदुस्थान सरकार पाहत असे, आणि एडन त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे. २६ जून १९६० रोजी सोमालीलँड स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, शेजारच्या इटालियन सोमालियात स्वखुशीनं विलीन झाला. हा संसार सुखाचा झाला नाही. १९८८ मध्ये सियाद बारे यांच्या लष्करी राजवटीनं हर्गेसा या शहरावर बॉम्बफेक करून ते जवळजवळ जमीनदोस्त केलं. ती राजवट कोसळल्यावर १८ मे १९९१ रोजी सोमालीलँडनं पुन्हा स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं.

एडना यांचा जन्म १९३७ सालचा, हर्गेसाचाच. वडील वैद्यकीय सेवेत होते. मुलींसाठी शाळा नव्हती, म्हणून लेकीला त्यांनी शेजारच्या जिबुतीत शिकायला धाडलं. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती इंग्लंडला गेली आणि परिचारिका व प्रशिक्षित सुईण होऊन परतली. तिच्या समाजात हे पहिल्यांदाच घडत होतं. मोटार चालवणारी पहिली सोमाली स्त्री म्हणूनही त्यांचंच नाव घेतलं जातं.

त्यांचं लग्न झालं मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल यांच्याशी. एगाल १९६७ मध्ये सोमालियाचे पंतप्रधान झाले. १९६८ मध्ये हे दांपत्य अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलं, तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचं स्वागत केलं. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली. एगाल तुरुंगात गेले, एडना यांच्या वाट्याला नजरकैद आली. पुढे पतिपत्नी विभक्त झाले. पण राजशिष्टाचार म्हणजे काय आणि तो एका रात्रीत कसा नाहीसा होतो, हे दोन्ही एडना यांनी जवळून पाहिलं होतं.

त्यांचा दुसरा लढा घराच्या उंबरठ्याच्या आतला होता. लहानपणी वडील गावाला गेलेले असताना घरातल्या बायकांनी रूढीप्रमाणे त्यांची सुंता केली. परतल्यावर वडिलांना झालेला संताप त्या कधी विसरल्या नाहीत. ज्या विषयावर बायका आपसातही बोलत नसत, त्यावर १९७६ मध्ये त्या जाहीर सभेत बोलल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेत त्यांनी माता-बाल आरोग्याचं काम केलं आणि जिबुतीत संघटनेच्या प्रतिनिधी म्हणून पद सांभाळलं. निवृत्तीनंतर त्या युरोप-अमेरिकेत स्थायिक होऊ शकल्या असत्या. त्याऐवजी मोटार विकली, दागिने विकले, निवृत्तीचे पैसे ओतले आणि हर्गेसात कचरा टाकण्याच्या जागेवर प्रसूतीचं इस्पितळ उभारलं. ९ मार्च २००२ रोजी ते सुरू झालं. एक हजार सुईणी तयार करायच्या, हे त्यांनी ठरवलेलं उद्दिष्ट.

त्याच वर्षी त्या कुटुंबकल्याण खात्याच्या मंत्री झाल्या. मंत्रिमंडळात त्या एकट्याच स्त्री. आणि २००३ मध्ये परराष्ट्र खातं आलं.

आता या खात्याच्या अडचणी पाहा. संयुक्त राष्ट्रांत जागा नाही. त्या काळी परदेशात वकिलात नव्हती, फार तर संपर्क कार्यालय. पारपत्र बहुतेक देशांच्या विमानतळावर चालत नाही. जागतिक बँकेकडून सरकारच्या नावे कर्ज मिळत नाही. परदेशी अधिकारी भेटतात, चहा देतात, कौतुकही करतात. पण ही भेट म्हणजे मान्यता नव्हे, हेही सांगतात. हाती राहतो तो फक्त युक्तिवाद.

तो युक्तिवाद असा होता. आफ्रिकेतल्या देशांनी १९६४ मध्ये कैरो इथं ठरवलं होतं की, स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा होत्या त्याच कायम मानायच्या. एक सीमा हलवली तर खंडभर आग लागेल, ही भीती त्यामागे होती. सोमालीलँडचं म्हणणं असं की, आम्ही नवी सीमा मागतच नाही. २६ जून १९६० ची आमचीच सीमा परत मागतो. एडना परराष्ट्रमंत्री असताना, २००५ मध्ये, आफ्रिकन युनियनचं सत्यशोधन पथक हर्गेसाला आलं. या देशाचं प्रकरण इतर फुटीर चळवळींहून वेगळं आहे, ते वेगळ्या नजरेनं पाहावं, असा त्याचा अभिप्राय होता. त्याच वर्षी सोमालीलँडमध्ये संसदेची बहुपक्षीय निवडणूक झाली आणि डिसेंबरात युनियनच्या सदस्यत्वासाठी अर्ज गेला. अर्जाला होकार मिळाला नाही. सोमालियाचा दावा कायम होता, आणि पहिलं पाऊल टाकायला कुणी धजत नव्हतं.

२००६ मध्ये त्या पायउतार झाल्या, तेव्हा मान्यतेच्या रकान्यात शून्यच होतं. इस्रायलनं मान्यता जाहीर केली ती थेट २६ डिसेंबर २०२५ रोजी. स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर चौतीस वर्षांनी मान्यता देणारा संयुक्त राष्ट्रांचा तो पहिला सदस्य देश. सोमालिया आणि आफ्रिकन युनियन यांनी त्याला लगेच विरोध केला. म्हणजे वाद मिटलेला नाही.

मग एडना यांची कारकीर्द निष्फळ म्हणायची का? मला तसं वाटत नाही. आमचा देश आहे, असं जगाला सांगताना त्या नकाशा दाखवत होत्या, तसंच एक चालतं इस्पितळही दाखवू शकत होत्या. मंत्रिपद गेल्यावर त्या पुन्हा तिथंच, बाळंतिणींच्या खोलीत परतल्या. २०२३ मध्ये त्यांना टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. देशाला मान्यता इतरांनी द्यायची असते, ती कधी मिळेल ते आपल्या हाती नसतं. पण सुईण शिकवायला, बाळंतीण वाचवायला कुणाच्या मान्यतेची वाट पाहावी लागत नाही. त्यांनी ती पाहिली नाही.