हातगुण
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



आपल्या वसई-विरारच्या वाड्यांत पाटाचे पाणी वळविण्यात आणि केळी-पानवेलींची निगा राखण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या पिढीचे गुडघे आता बोलू लागले आहेत. जीवदानीच्या पायऱ्या केवळ नजरेने चढणाऱ्या भगिनी या सभेतही पुष्कळ असतील. अशा घरांच्या फडताळात हल्ली एक डबा हटकून दिसतो. ग्लुकोसामाइनचा, कॉन्ड्रॉइटिनचा, नाहीतर हळदीच्या अर्काचा. घेणारे म्हणतात, "गुण आला." त्या गुणाविषयीच आम्हांस आज बोलावयाचे आहे.

ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. (संकष्टीस मासळीचे नावही न काढणाऱ्या भगिनींनी डब्यावरील बारीक अक्षरे अवश्य वाचावीत.) अमेरिकेत गुडघेदुखीच्या १५८३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या परीक्षणाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. काहींस ही द्रव्ये वेगवेगळी वा एकत्र दिली, काहींस सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक, आणि काहींस औषधाचा अंशही नसलेली गोळी. कोणास काय मिळाले हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांसही. २४ आठवड्यांनी पाहतात तो, त्या पोकळ गोळीवरच्याही शेकडा ६० जणांची वेदना निदान पंचमांशाने उणावलेली! दोन्ही द्रव्ये घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६७ आणि सेलेकॉक्सिबवाल्यांत ७० होते. एकंदर रुग्ण पाहता, डब्यातील द्रव्यांनी पोकळ गोळीवर निश्चित मात केली असे म्हणता आले नाही.

मग ते साठ जण खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. दुखण्यासही भरती-ओहोटी असते. ऐन भरतीत डबा घरी यावा, ओहोटी आपसूक लागावी आणि श्रेय डब्याने घ्यावे, असे पुष्कळदा घडते. परंतु सारा उलगडा तेवढ्याने होत नाही. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. पोकळ औषधाने ज्यांस आराम पडला होता, त्यांस अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिले, तेव्हा वेदना पुन्हा वाढली. याचा अर्थ, विश्वास बसला की शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्य पाझरविते. एकच काढा एका वैद्याचा लागू पडे आणि दुसऱ्याचा पडत नसे, त्यास आपले वाडवडील 'हातगुण' म्हणत. ते अगदीच निराधार नव्हते.

तेव्हा सासूबाईंच्या दुखण्यास सुनेने 'मनाचे खेळ' म्हणून हसू नये. दुखणे खरे आणि आरामही खरा. आमचा आक्षेप एवढाच की, जो हातगुण डॉक्टरांच्या आस्थेने तपासण्यातून आणि नातवाने तेल चोळण्यातून येतो, त्यासाठी निवृत्तिवेतनातील रक्कम दरमहा डब्यावर का घालवावी? मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम तर फुकटच असतो, आणि त्याचा लाभ परीक्षणांत दिसलेला आहे. शिवाय ज्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नव्हे' असे कायद्याने छापावे लागते, तोच डबा औषध म्हणून हाती ठेवणारे विक्रेते आपल्या ओटीवर येतात.

ज्यांस तो सोडवत नाही त्यांनी निदान डॉक्टरांपासून लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असता हळदीच्या अर्काची भर पडली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि बिननावाच्या पुडीने चार दिवसांत गुडघे मोकळे झाले, तर ती पुडी आधी डॉक्टरांस दाखवावी. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे.