शीतकपाटाची तिसरी तार

यवतमाळकडे वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं अडगळींतलें जुनें शीतकपाट घरोघर आठवतें. गोदरेजनें १९५८ मध्यें भारतांत शीतकपाटें बनविण्यास आरंभ केला. त्या पिढीच्या यंत्राची रबरी वेष्टनाची केबल उष्णतेनें तडकलेली असावयाचीच. ती बदलतां येते. मात्र यंत्र चालूं लागलें म्हणजे काम झालें, असें नव्हे.

प्रथम प्लग भिंतींतून काढावा. नुसतें बटण बंद करणें पुरेसें नाहीं. जुनी केबल दोन तारांची असल्यास तीन तारांची घ्यावी : तपकिरी फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थची. ही तिसरी तार रंग खरवडलेल्या पत्र्यास स्क्रूनें घट्ट आवळावी. आंत गळती झाली, तर वीज हिच्या वाटेनें जमिनींत जाते आणि फ्यूज उडतो.

परंतु उन्हाळ्यांत माती सुकते, जमिनीचा विद्युत्-रोध वाढतो. मग फ्यूज उडत नाहीं आणि पत्रा विजेनें भारलेलाच राहतो. यास्तव अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालावें, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा आणि जाणत्या वायरमनकडून सर्व तपासून घ्यावें. घरांतल्या मुलाचा ओला हात त्या दारास लागण्यापूर्वीं एवढी दक्षता घेतलीच पाहिजे.