लांब पल्ल्याची पूर्वतयारी

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जानेवारी २०२४ मध्ये एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गोव्यातील ट्रायथलॉन स्पर्धा यशस्वी रीतीने पूर्ण करणारे’ असे शब्द छापले गेले आहेत. चिटणीसांनी ते प्रेमापोटी लिहिले, हे मी जाणतो. परंतु ज्याने अडतीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या, त्याला चुकीखाली तांबडी रेघ ओढल्यावाचून राहवत नाही. ती स्पर्धा मी पूर्ण केलेली नाही. वेळेची मुदत संपली तेव्हा माझे पाच किलोमीटर अंतर उरले होते. तेव्हा हे भाषण विजयी वीराचे नसून, परीक्षेला बसून अनुत्तीर्ण झालेल्या एका वृद्ध विद्यार्थ्याचे आहे, असे समजूनच ते आपण ऐकावे अशी विनंती आहे.

ट्रायथलॉन म्हणजे काय, हे ज्येष्ठ मंडळींसाठी प्रथम सांगतो. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तीन कामे मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ एक करावयाची. हिचा लांब पल्ल्याचा प्रकार १९७८ च्या फेब्रुवारी महिन्यात हवाई बेटांतील ओआहू येथे सुरू झाला. अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्यूडी यांच्या कल्पनेतून तेथील तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र जोडण्यात आल्या. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे! त्या दिवशी १५ जण निघाले आणि १२ जण शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. आपले मराठी अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशी अवघ्या काही महिन्यांवर आली असता, स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे हेच पूर्ण अंतर पार केले.

मी ज्या स्पर्धेत उतरलो ती याच्या निम्म्या अंतराची. अशी स्पर्धा गोव्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम भरली. पणजीजवळ मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, नंतर ९० किलोमीटर सायकल, आणि अखेरीस २१.१ किलोमीटर धावणे. या सर्वांस मिळून मुदत साडेआठ तासांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी तेथे गेलो, तेव्हा माझे वय ६२ होते.

‘या वयात हा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मला विचारला. त्याचे उत्तर आपल्याच वार्षिक स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आहे. तेथे दरवर्षी दिवंगतांची यादी असते. ती यादी वयांसह वाचण्याची मला सवय आहे. वय ५२, वय ५७, वय ४९. एके वर्षी त्यात माझ्या धाकट्या बंधूचे नाव होते, वय ५४. रात्री जेवून तो निजला तो सकाळी उठलाच नाही. पुढे सहा महिन्यांनी माझी रक्ततपासणी झाली. साखर सीमारेषेवर आढळली. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, अजून वेळ आहे, चालावयास लागा.” चालण्यातून सायकल आली, सायकलीतून पोहणे आले, आणि एका भाच्याने थट्टेने ‘मामा, आता गोवाच गाठा’ असे म्हटले, ते मी मनावर घेतले.

घरातून अर्थातच विरोध झाला. सौभाग्यवतींनी दोन अटी घातल्या. हृदयाची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय एक दिवसही सराव करावयाचा नाही, आणि छातीत किंचितही वेगळे वाटले तर त्याच क्षणी थांबावयाचे. दोन्ही अटी मी मान्य केल्या. हृदयाचा आलेख झाला, चालत्या पट्ट्यावरची परीक्षा झाली, रक्तदाब पाहिला गेला, आणि मगच मी तयारीस लागलो. चाळिशी उलटलेल्या कोणीही हा क्रम बदलू नये.

तयारीला तीस आठवडे दिले. वेळापत्रक करणे हा तर आमचा जन्माचा धंदा! आठवड्यातून तीन दिवस पोहणे, तीन दिवस सायकल, तीन दिवस धावणे, म्हणजे काही दिवशी दोन विषय. आणि एक दिवस पूर्ण सुटी. अंतर दर आठवड्याला थोडे थोडेच वाढवावयाचे, आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावयाचे. विश्रांतीत शरीर झालेली झीज भरून काढते आणि बळकट होते. म्हणून विश्रांती हाही अभ्यासाचाच भाग आहे. हे मला पटावयास वेळ लागला, कारण शिक्षकाला सुटीचे महत्त्व सुटीतच कळते.

सर्वांत कठीण गोष्ट कोणती म्हणाल, तर हळू जाणे. पहिले दोन महिने मी रोज धापा टाकीत धावलो आणि पोटरी दुखवून घेतली. तेव्हा लहानपणची एक युक्ती उपयोगी पडली. धावताना मोठ्याने दिडकी व औटकी म्हणावयाची. पाढा श्वासामुळे तुटला की वेग जास्त झाला असे समजावयाचे. पहाटेच्या रस्त्यावर औटकी म्हणत धावणारा म्हातारा पाहून दूधवाल्यांची करमणूक झाली असेल. परंतु बहुतेक सराव असाच, बोलता येईल अशा वेगाने करावयाचा असतो. लांब पल्ल्याचा दम त्यानेच वाढतो.

पोहणे मी लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलो होतो. आमच्या सांगलीकडे कृष्णामाई जवळ आहे. परंतु तिच्या पात्रात मगरींचा वावर आहे, म्हणून सर्व सराव पोहण्याच्या तलावात केला. तेथे दोन किलोमीटर अंतर ५५ मिनिटांत होऊ लागले आणि मला वाटले की हा विषय पक्का झाला. माझी पहिली चूक ती हीच. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, तिच्यावर नजर ठेवली की माणूस सरळ जातो. समुद्रात रेघ नसते. दर सात-आठ हातांनंतर डोके वर काढून दूरची खूण पाहावी लागते, लाटेच्या तालाशी श्वास जुळवावा लागतो. त्याचा सराव मी केवळ दोन वेळा केला होता. तो दहा वेळा करावयास हवा होता.

आहाराचाही अभ्यास करावा लागतो. एवढ्या वेळाच्या श्रमाला तासाला सुमारे ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय अथवा शर्करायुक्त अन्न लागते. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून त्यातले सुमारे २५ ग्रॅम मिळते. मी केळे, खजूर आणि गूळ-मीठ-लिंबाचे पाणी यांवर भर दिला. सायकलीवर दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, हा नेम. नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक असते, कारण त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते. स्पर्धेच्या दिवशी नवीन पदार्थ खाऊ नये; जे सरावात पचले तेच घ्यावे. त्याचप्रमाणे सायकलीवरून उतरून लगेच धावण्याचा सरावही वेगळा करावा लागतो. प्रथम पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, पुढे सवय होते. पंक्चर स्वतः काढता आले पाहिजे, कारण स्पर्धकाने बाहेरच्या माणसाची मदत घ्यावयाची नाही असा नियम आहे. हा नियम मला फार आवडला.

आता परीक्षेचा दिवस. समुद्रात मी वाकडातिकडा गेलो आणि बाहेर आलो तेव्हा एक तास सहा मिनिटे झाली होती. एक तास दहा मिनिटांची मर्यादा. म्हणजे चार मिनिटांनी वाचलो. येथे माझी बुद्धी फिरली. गेलेला वेळ भरून काढावा म्हणून जो वेग सरावात तासाला २२-२३ किलोमीटर होता, तो मी पहिल्या तासात २८ वर नेला. तीस आठवडे म्हटलेली औटकी त्या तासाला विसरलो. आणि त्या घाईत पंधरा मिनिटांचा नेमही पाळला नाही. सायकलीच्या अखेरीस अंगातला जोर ओसरला होता. धावण्यास तीन तास बारा मिनिटे शिल्लक होती, एरवी ती मला पुरली असती. परंतु गोव्याचे ऊन, दमट हवा आणि मांड्यांत येणारे गोळे! मी चाललो, थांबलो, पुन्हा चाललो. छातीत त्रास नव्हता, म्हणून सौभाग्यवतींचा शब्द मोडला नाही. सोळा किलोमीटर झाले आणि मुदत संपली. एका स्वयंसेवक मुलीने नम्रपणे सांगितले, “काका, वेळ झाली.” वर्गात उत्तरपत्रिका गोळा करताना हेच शब्द मी हजारो मुलांना ऐकवले होते. ते ऐकताना कसे वाटते, हे मला बासष्टाव्या वर्षी समजले.

घरी परतल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, म्हणजे तुम्ही नापास?” मी म्हटले, “होय बाळा, नापास. पण अभ्यास झाला.” आणि बंधुभगिनींनो, हे समाधानासाठी बोललो नाही. रक्तातील साखर आता नेहमीच्या मर्यादेत आहे, हे त्या तीस आठवड्यांचे फळ आहे. साडेआठ तासांच्या निकालाने ते पुसले जात नाही. मात्र चूक ती चूकच. समुद्राचा सराव वाढवून आणि पहिल्या तासातील मोह आवरून पुन्हा बसण्याचा माझा विचार आहे. माडोना बूडर नावाच्या एका ख्रिस्ती जोगिणीने २०१२ साली कॅनडात वयाच्या ८२ व्या वर्षी पूर्ण अंतराची स्पर्धा मुदतीत संपविली. त्यांच्या हिशेबाने माझ्यापाशी वीस वर्षे आहेत!

अखेरीस मंडळाला एक विनंती. माझ्यासाठी आणलेली शाल आणि श्रीफळ मी आदराने परत करतो. अनुत्तीर्णाचा सत्कार करण्याची प्रथा पडू नये. त्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. चाळिशी ओलांडलेल्या ज्ञातिबांधवांची व भगिनींची हृदयाची व रक्ताची तपासणी पुढील संमेलनात याच मांडवात व्हावी. आणि ज्ञातीतील प्रत्येक मुलाला व मुलीला पोहावयास शिकविण्याची सोय मंडळाने करावी. शिकविण्याचे काम मी विनामूल्य करीन. कोणी स्पर्धेत उतरो वा न उतरो. स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवरील वयांचे आकडे वाढलेले पाहावयास मिळाले, तर माझी उरलेली पाच किलोमीटर पुरी झाली असे मी समजेन.