चिकटवहीचें नवें रूप

छायाचित्र काढून घेणें हा एके काळीं कुटुंबाच्या आयुष्यांतील एक सोहळाच असे. दिवस ठरे, ठेवणींतलीं लुगडीं व कोट बाहेर निघत, आणि स्टुडिओंतील रंगविलेल्या पडद्यापुढें सारें घर श्वास रोखून उभें राही. त्यांतून हातीं येणारें एकुलतें एक चित्र चौकटींत बसून पुढें पन्नास वर्षें भिंतीवर राही. आज तोच सोहळा बोटाच्या एका स्पर्शावर आला आहे. चार दिवसांच्या सहलीहून परतलेल्या कुटुंबाच्या मोबाइल फोनांत मिळून हजारभर छायाचित्रें सहज सांपडतात. मात्र तीं पुन्हां पाहण्याचा योग क्वचितच येतो. ह्या ढिगाऱ्यांतून मोजकीं चित्रें निवडावीं, नीट मांडावीं, त्यांच्या शेजारीं चार ओळी लिहाव्या, आणि कुटुंबाच्या स्मृतींचें एकेक पान सिद्ध करावें, ही कला संगणकामुळें आतां घरोघर साधण्यासारखी झाली आहे. तिचें मर्म काय आणि तिचें खरें प्रयोजन कोणतें, ह्याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

कापून-चिकटवून जपण्याची हौस तशी जुनी आहे. वर्तमानपत्रांतील कात्रणें, पत्रें, रंगीत चित्रें एका वहींत लावून ठेवण्याचा छंद एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंत फार पसरला होता. सुप्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यानें तर १८७३ सालीं, आधींच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचें पेटंट घेतलें. पान ओलें करावें आणि कात्रण लावावें, इतकेंच काम उरे. पुढें १८८८ सालीं कोडॅकचा पेटीसारखा कॅमेरा निघाला, १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ब्राउनी आला, आणि घरच्या माणसांनीं स्वतः काढलेलीं चित्रें सामान्य कुटुंबाच्या वहींतही येऊं लागलीं.

महाराष्ट्रालाही ही हौस परकी नव्हती. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला. त्यांतून बाहेर पडणाऱ्या देवदेवतांच्या रंगीत चित्रांवर कापड, जर आणि टिकल्या चिकटवून तीं नटविण्याची चाल अनेक घरांत होती. छापील चित्र सर्वांकडे सारखेंच. पण आपल्या हातचें कांहीं त्यांत पडलें म्हणजे तें आपलें होतें, ही जाण त्या कामामागें होती. संगणकावरील चिकटवहीचें मर्म यापेक्षां निराळें नाहीं.

संगणकावर हें काम थरांच्या योगानें चालतें. कांचेचीं पातळ तावदानें एकावर एक ठेवावीं, प्रत्येकावर एकेकच वस्तु चितारावी, आणि वरून पाहतांना सर्व मिळून एकच चित्र दिसावें, तसा हा प्रकार आहे. सर्वांत खालच्या थरावर कागदाचा रंग अथवा पोत; त्यावर छायाचित्रें; त्यावर फीत, पान, फूल यांसारखी सजावट; आणि सर्वांत वर मजकूर. फोटोशॉप या प्रणालींत थरांची सोय १९९४ सालीं आली, आणि चुकलें तर तेवढाच थर सरकवावा किंवा काढून टाकावा, ही मुभा मिळाली. कागदावरच्या चिकटवहींत एकदां कात्री चालली कीं चालली. येथें मूळ चित्राला धक्काही लागत नाहीं. चित्राखालीं किंचित् सावली घातली म्हणजे तें खऱ्या कागदावर चिकटविल्यासारखें उठून दिसतें. गिंपसारखें विनामूल्य साधनही ह्या कामाला पुरेसें आहे.

पानाचा रूढ आकार १२ इंच लांब आणि १२ इंच रुंद असा आहे. छपाई स्पष्ट यावयाची तर एका इंचांत ३०० रंगबिंदु असावे लागतात; म्हणजे पान ३६०० बिंदु लांब व तितकेंच रुंद हवें. आरंभींच हें माप घातलें नाहीं, तर पडद्यावर मोहक दिसणारें पान कागदावर धूसर उमटतें. निरोपांच्या देवघेवींतून आलेलें छायाचित्र बहुधा आकारानें घटविलेलें असतें. म्हणून ज्याच्या फोनानें तें काढलें त्याच्याकडून मूळ प्रतच मागून घ्यावी.

आतां पानाची मांडणी. पुण्याचें एखादें कुटुंब दिवाळीच्या सुटींत मालवणास जाऊन आलें आहे, असें समजूं. सिंधुदुर्गाचीं चित्रें त्यांत भरपूर असणारच. १६६४ सालीं ज्याच्या बांधकामास प्रारंभ झाला तो तो जलदुर्ग, त्याचा तट, खाऱ्या समुद्राच्या मध्यें असलेल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हें सर्व नामांकित खरें; परंतु त्याचीं याहून सरस चित्रें कोठेंही मिळतील. होडींत पाऊल टाकतांना नातीचा हात घट्ट धरणारी आजी, विहिरींत डोकावणारा धाकटा, खानावळींत सोलकढीची मिशी उमटलेले वडील, हीं चित्रें मात्र जगांत दुसऱ्या कोणापाशींही नाहींत. पान करावयाचें तें ह्यांचें. आजीचें चित्र मोठें घ्यावें, बाकीचीं तीन-चार लहान. किल्ला एका कोपऱ्यांत, स्थळ कळण्यापुरता. माणसांचीं तोंडें पानाच्या आंतल्या बाजूस वळलेलीं असावीं, म्हणजे पाहणाऱ्याची नजर बाहेर जात नाहीं. कागदाचा रंग चित्रांतल्याच वाळूचा किंवा पाण्याचा उचलावा. होडीचें तिकीट जपलें असेल तर त्याचीही प्रतिमा लावावी. आणि कांहीं जागा मोकळी सोडावी. नवशिक्याच्या हातून पानभर फुलें आणि फिती पडतात, आणि त्यांत माणसें हरवतात.

चित्रें झालीं, आतां शब्द. बहुतेक पानें येथेंच उणीं पडतात. ‘मालवणची मजा’ एवढें लिहून कांहींच सांगितलें जात नाहीं. आजी किती वर्षांची होती, समुद्रावर जाण्याची तिची ती कितवी वेळ होती, होडी हलली तेव्हां ती काय म्हणाली, हें तिच्याच शब्दांत लिहिलें तर तें पान तिच्या पणतीलाही वाचावेंसें वाटेल. दिनांक, स्थळ आणि प्रत्येकाचें पूर्ण नांव ह्या तीन गोष्टी तर कधींही वगळूं नयेत.

पूर्ण नांवाचा आग्रह मराठी घरांत विशेष अगत्याचा आहे. आपल्याकडे वडील माणसांना नांवानें हाक मारण्याची रीत नाहीं. माई, अक्का, नाना, अण्णा हीं नातीं झालीं, तीं नांवें नव्हत. आणि पिढ्यान्‌पिढ्या तीं एकाकडून दुसऱ्याकडे जात असतात. ‘माई, १९६२’ असें चित्राखालीं लिहिलें, तर ज्या घरांत तीन पिढ्यांत तीन माई होऊन गेल्या तेथें ही कोणती, हें कोण सांगणार? स्त्रियांच्या बाबतींत तर गुंता अधिकच आहे. विवाहाच्या दिवशीं आडनांवाबरोबर मुलीचें स्वतःचें नांवही बदलण्याची चाल अनेक घरांत होती. तबकांतल्या तांदुळांवर सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहिलें जाई, आणि माहेरचें नांव त्या घडीपासून मागें पडे. परकर-पोलक्यांतील जी मुलगी माहेरच्या आल्बमांत कृष्णा म्हणून आहे, तीच सासरच्या आल्बमांत नऊवारी नेसून सरस्वती म्हणून उभी असते. हीं दोन्ही चित्रें एकाच बाईचीं आहेत, हें सांगणारें माणूस घरांत बहुधा एखादेंच उरलेलें असतें. आणि तें ऐंशी वर्षांचें असतें. तें गेलें म्हणजे चित्रें दोन्ही राहतात, आणि बाई मात्र हरवते.

यासाठीं ज्यांना ही कला साधावयाची आहे त्यांनीं सजावटीचा विचार नंतर करावा. प्रथम घरांतल्या वडील माणसापाशीं बसावें. जुनीं चित्रें एकेक करून पुढें ठेवावीं आणि बोलूं द्यावें. परवानगी घेऊन आवाजही मुद्रित करावा. एका बैठकींत दहा-बारा चित्रांहून अधिक घेऊं नयेत, कारण आठवणींनींही मनुष्य थकतो. मधेंच तोंड घालून सन-सनावळ्या सुधारण्याची घाई करूं नये. दोघांच्या आठवणींत फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवावे. चित्रांत कोण आहे याबरोबरच कोण नाहीं हेंही विचारावें. मुंजीच्या पंगतीचें चित्र असतें, पण त्या पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या काकू त्यांत नसतात. ज्या भावानें कॅमेरा धरला तो त्यांत नसतो. आदल्याच वर्षीं गेलेलें मूल तर नसतेंच. ह्या न दिसणाऱ्या माणसांना पानावर जागा देणें केवळ शब्दांनाच शक्य आहे.

जुन्या चित्रांची संगणकीय प्रति घेतांना कांहीं काळजी घ्यावी लागते. ४ इंच बाय ६ इंच आकाराचें चित्र इंचास ६०० बिंदु या प्रमाणानें उतरविलें, तर तें छापतांना दुप्पट मोठें करतां येतें. यंत्र नसेल तर खिडकीच्या मंद उजेडांत, झगझगीत दिवा न लावतां, कॅमेरा चित्राशीं समांतर धरून टिपावें. पाठीमागची बाजूही अवश्य टिपावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनें लिहिलेली तारीख, एखादें नांव बहुधा तेथेंच असतें. चिकट पानांच्या आल्बमांत घट्ट बसलेलें चित्र ओढून काढूं नये. तें पानासकटच टिपावें. आणखी एक फसगत टाळावी. संगणक फाईलीस जी तारीख देतो ती प्रति घेतल्याची असते. १९५५ सालचें लग्न त्यामुळें आजच्या तारखेखालीं जाऊन बसतें. खरें साल फाईलीच्या नांवांतच घालावें.

देवनागरी मजकुरासाठीं युनिकोड टंक वापरावा. पूर्वींच्या अनेक टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. चित्रांच्या कांहीं प्रणालींत भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागते. नाहीं तर वेलांटी भलत्याच जागीं जाते आणि जोडाक्षरें फुटतात. आजीचें नांव तरी धड उमटलें आहे ना, हें छापण्यापूर्वीं पाहावें.

भेटकार्ड हें ह्या पानाचेंच धाकटें भावंड होय. लंडनमध्यें हेन्री कोल यानें १८४३ सालीं जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचें जें पहिलें व्यापारी भेटकार्ड करून घेतलें, त्याच्या मध्यभागींही तीन पिढ्यांचें एक कुटुंबच होतें, आणि दोन्ही अंगांस गरिबांना अन्न-वस्त्र देण्याचीं दृश्यें होतीं. दिवाळीचें किंवा तिळगुळाचें कार्ड घरीं करावयाचें असेल तर त्यांत एकच चित्र, एकच वाक्य आणि वर्ष असावें. परदेशीं असलेल्या मुलाला आयत्या शुभेच्छांचीं शेंकडों चित्रें फोनवर येतात. अंगणांतल्या तुळशीपाशीं उभ्या असलेल्या आईचें, तिच्याच हस्ताक्षरांतील ओळ टिपून घातलेलें कार्ड मात्र तो पुसून टाकणार नाहीं. लहान मुलांचीं चित्रें कोणाकोणाकडे जातात याचा मात्र विचार व्हावा, आणि मोठ्यांना विचारल्यावांचून त्यांचें चित्र वांटूं नये.

शेवटीं जतन. फ्लॉपी वाचणारें यंत्र आज घरांत सांपडत नाहीं. अनेकांनीं चित्रें ज्या पिकासावर लावून ठेवलीं होतीं, ती सेवा २०१६ सालीं बंद झाली. तेव्हां मूळ चित्रें आणि सिद्ध पानें यांच्या तीन प्रति असाव्या: एक संगणकांत, एक वेगळ्या साठवणयंत्रावर, आणि एक दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या नातलगाकडे. थरांची फाईल निराळी राखावी. कारण जेपेग प्रकारांत बदल करून पुन्हां पुन्हां साठविलें कीं दर वेळीं चित्राचा कस थोडा उतरतो. आणि वर्षांतून एकदां, निदान निवडक पानें, कागदावर छापून घ्यावीं. विजेवांचून उघडतां येणारी वही घरांत एक तरी हवी.

ह्या छंदासाठीं मोठें कौशल्य लागत नाहीं, द्रव्यही फारसें लागत नाहीं. रविवारची एक दुपार लागते. पुढची सहल कधीं निघेल तेव्हां निघो. पण घरांत ज्यांना जुनीं नांवें ठाऊक आहेत अशीं माणसें आज आहेत. पहिलें पान त्यांच्याजवळ बसूनच करावें, आणि तें त्यांना वाचून दाखवावें.