माळ पडीक नाही
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा मंडळातर्फे माळावर झाडे लावावीत, अशी सूचना आली आहे. हेतू चांगला आहे. पण आधी माळ पायी फिरून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते १९९७ साली झाले. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. सकाळी ठरलेल्या वाटेने, न बोलता चालले, तर दोन-चारांच्या टोळीने चिंकारा हरणे दिसतात. इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावर लांडगा व खोकड आहेत.

आपल्याकडे पाऊस थोडा, माती उथळ. सरपणासाठी बाभळी-बोरी तुटल्या, गुरांनी गवत खुरटून टाकले, की वळवाच्या पहिल्या सरीने माती ओढ्याला जाते आणि विहिरीत पाणी उतरत नाही. गवत वाढू दिले, तर त्याच्या मुळ्या माती धरतात, पाणी मुरते.

दाट झाडी लावली, तर सावलीने गवत मरते. चिंकारा, चंडोल, माळटिटवी यांचा संसार उघड्या माळावरच. लांडगा दुरून दिसला, तरच हरणाला पळता येते.

म्हणून झाडे दारात, शाळेत, बांधावर लावू. माळावर वणवा लागू नये, गावची कुत्री हरणांमागे लागू नयेत, एवढे पाहू. सरपणाची मोळी बाईच्याच डोक्यावर येते; तेव्हा ओल्या फांदीला कोयता लावायचा की नाही, हेही आपल्याच हाती आहे.