खाऱ्या सरोवरावर कॅमेरा

श्रोतेहो, जयपूरच्या पश्चिमेला फुलेरा जंक्शन सोडले की थोड्याच वेळात सांभर येते. समुद्रापासून दूर असलेले देशातले हे सर्वांत मोठे खारे सरोवर. पसारा सुमारे 200 चौरस किलोमीटर, पण पुष्कळ ठिकाणी पाणी गुडघाभरसुद्धा नाही. मेंढा आणि रूपनगढ या नद्या पावसाचे पाणी आणून ओततात. त्याला बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी नेते आणि मीठ मागे ठेवते. आपल्या लोणारचा खड्डा उल्केने पाडलेला, तरी पाण्याचा हिशेब काहीसा असाच.

अशा जागी छायाचित्र काढणे दिसते तितके सोपे नाही. समोर पांढरेशुभ्र मीठ पाहून कॅमेरा फसतो. उजेड फार झाला असे समजून तो प्रकाश कमी घेतो आणि मीठ राखेसारखे उमटते. म्हणून प्रकाश मुद्दाम एक-दीड पायरी जास्त द्यावा. मोबाइल असेल तर पडद्यावर बोट ठेवून उजेड वाढवावा, झालं. सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या मिठावरची हवा थरथरू लागते. मग भिंग कितीही मोठे लावा, पक्षी अस्पष्टच येणार. लोक मात्र बिचाऱ्या भिंगाला दोष देतात! काचेवरचे मीठ कोरड्या फडक्याने घासू नये, ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याच्या हवेने कण उडवावेत, मग गोड्या पाण्याने किंचित ओला केलेला फडका फिरवावा.

हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येतात, थोरले आणि धाकटेही. मान वाकवून, चोच उलटी धरून ते पाणी गाळतात. त्यांचा गुलाबी रंग येतो तो या अन्नातूनच. पंखांतला खरा लाल-काळा रंग मात्र पंख उघडल्यावर दिसतो, आणि इथेच माणसाची बुद्धी फिरते. कोणी टाळ्या वाजवतो, कोणी कोरड्या पात्रातून जीप थेट थव्यावर घालतो. मला याची मनस्वी चीड आहे. या पक्ष्याला उडण्यासाठी पाण्यावरून धावत जावे लागते. दिवसातून चार वेळा असे पळवले तर त्याने खायचे कधी? पाहा, खाणे थांबले, माना ताठ झाल्या, थवा एकाच दिशेने चालू लागला, की आपण जवळ गेलो असे समजावे आणि मागे सरावे. एका जागी बसून राहिले तर चरत चरत थवा पुष्कळदा आपणच जवळ येतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना आणखी एक सांगायचे आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये याच सरोवरावर हजारो पक्षी मेले. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने निदान केले ते बॉट्युलिझमचे. हा जंतूच्या विषाचा रोग. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात, त्या दुसरे पक्षी खातात आणि विष पुढे जाते. आजारी पक्ष्याचे पंख लुळे पडतात, मान जमिनीला टेकते. सहलीत असा पक्षी दिसला, तर मुलांना दूर ठेवून लांबूनच छायाचित्र घ्यावे. त्यावर तारीख, वेळ आणि जागा लिहावी, आणि ते त्याच दिवशी वनखात्याच्या माणसाच्या हाती द्यावे. पक्ष्याला हात मात्र लावू नये.